पुरेपूर एक टीबी

गेल्या आठवड्यात कॉलेजची एक मुलगी दुकानात आली आणि तिनं नवी कोरी हार्ड डिस्क काउंटरवर जवळजवळ आपटली. खोक्यावर एक टीबी लिहिलंय, कॉम्प्युटर नऊशे एकतीस जीबी दाखवतोय, मधले एकोणसत्तर जीबी तुम्ही काढून घेतले की कंपनीनं, असा तिचा सरळ प्रश्न होता. मी तिला खुर्ची दिली, एक कागद पुढे ओढला आणि समजावून सांगितलं. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते. हजार बाइटचा एक केबी, हजार केबीचा एक एमबी, असं वर वर चढत जाते. कॉम्प्युटर मात्र दर पायरीला एक हजार चोवीस धरतो. खालच्या पायरीवर फरक चोवीसचा असतो, वर जाईपर्यंत तो एवढा फुगतो. बाइट दोघांकडे तेवढेच असतात, त्यातला एकही कुणी चोरत नाही. शेवटी मी म्हणालो, "दोघांची पायली वेगळी आहे, धान्य तेवढंच आहे."

मुलगी खूश झाली. "सर, किती छान समजावता हो तुम्ही," म्हणाली आणि डिस्क पिशवीत टाकून जालन्याची बस पकडायला पळाली.

 ते पायलीचं वाक्य माझं नाही. ते सुदाम खरातांचं आहे. देऊळगाव राजातल्या माझ्या या दुकानात मी ते कितीतरी वर्षं स्वतःचं म्हणून वापरतो आहे, आणि लोक मला हुशार समजतात. खरातकाकांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. त्यांच्याकडून मी जे जे घेतलं, त्यातलं हे वाक्य अगदीच किरकोळ आहे.

खरातकाका वजनमापे खात्यातून रिटायर झालेले. साहेब नव्हेत. साहेबाच्या मागून पितळी वजनांची पेटी घेऊन चालणारे मदतनीस. बाजाराच्या दिवशी साहेब दुकानदाराशी बोलत बसायचे आणि काका काटा उचलून, पारडी पुसून, पेटीतलं वजन टाकून बघायचे. काटा बरोबर निघाला की त्यावर छाप मारायचे. जिल्ह्यातलं असं एक बाजाराचं गाव नसेल जिथल्या तराजूला त्यांचा हात लागला नाही. उंचीनं बेताचे, अंगानं वाळके, पांढरा फुल शर्ट बाहेर सोडलेला, खिशात दोन पेनं आणि काखेत कापडी पिशवी. दुकानाच्या पायरीवर उभे राहून "जय भीम सर, येऊ का?" असं विचारल्याशिवाय ते कधी आत आले नाहीत. मी "नमस्कार, या" म्हणायचो. त्यांच्या जय भीमला मी एकदाही जय भीम म्हटलं नाही. तेव्हा त्यात काही वाटत नव्हतं. मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो म्हणून ते मला सर म्हणत. वयानं मी त्यांच्या निम्म्याचा होतो.

त्यांच्यापुढे 'अंदाजे' हा शब्द चालत नसे. मी सवयीनं "पाच मिनिटं बसा" म्हणालो, की ते घड्याळ बघून बसत आणि पाचव्या मिनिटाला उठून "झाले सर" म्हणत. समोरच्या हॉटेलातला कट चहा कोणत्या दिवशी किती भरला हे त्यांना कप हातात घेतल्याबरोबर कळायचं. भाजीबाजारात ते दिसले की भाजीवाल्या आपोआप पारडं पुसायच्या. एकदा मी सोबत होतो. त्यांनी मिरचीची पुडी तळहातावर तोलली आणि म्हणाले, "बाई, धा ग्राम कमी हाय." बाई ओशाळली आणि मूठभर मिरच्या टाकायला लागली. काकांनी तिचा हात थांबवला, पुडी तशीच पिशवीत टाकली आणि चालू लागले. मी विचारलं, कमी आहे म्हणता आणि घेता कशाला? तर म्हणाले, "कमी हाय हे सांगनं माहं काम. तिनं आयकलं, झालं."

ते माझ्याकडे पहिल्यांदा आले ते एका पेन ड्राइव्हसाठी. सोळा जीबीचा घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला हजर.

"सर, याच्यावर सोळा लिहेल हाय. नातवाच्या मशीनवर चौदा पूर्णांक नऊ दिसून राह्यलं. एक पूर्णांक एक कोठी गेलं?"

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी उत्तर दिलं, "काका, तो स्वतःसाठी थोडी जागा ठेवतो."

"कोन?"

"पेन ड्राइव्ह."

"कायले?"

मी म्हणालो, "आता त्यालाही पोट आहे ना काका." सगळे हसले. काकाही हसल्यासारखे झाले आणि गेले. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. मी क्लास घ्यायचो, भिंतीवर सर्टिफिकेट लावलं होतं, आणि ही गोष्ट मला कधी कुणी विचारली नव्हती आणि मी शोधली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर केलेला भागाकार घेऊन आले. नातवाला त्यांनी मशीनमध्ये आणखी आत बघायला लावलं होतं आणि तिथं बाइटचा लांबलचक आकडा सापडला होता. सोळा अब्ज आणि वर चिल्लर. चिल्लर सोडून त्यांनी सोळा अब्जाला एक हजार चोवीसनं भागलं होतं. कॅल्क्युलेटर नाही, हातानं. पहिला भागाकार निःशेष गेला होता आणि त्याखाली त्यांनी आनंदानं दोन रेघा ओढल्या होत्या. आणखी दोनदा भागल्यावर उत्तर आलं होतं चौदा पूर्णांक नव्वद.

"सर, कंपनी चोर नाई अन् मशीनबी चोर नाई," ते म्हणाले. "दोघायची पायली येगळी हाय, धान्य तेवढंच हाय. म्या उगाच कंपनीवर संशय घेतला." त्या न दिसणाऱ्या कंपनीबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. माझ्या पोटाच्या विनोदाबद्दल ते काही बोलले नाहीत. पत्रिका मी ठेवून घेतली आणि त्याच संध्याकाळच्या बॅचला फळ्यावर तो भागाकार करून दाखवला. कुठून शिकलो ते सांगितलं नाही.

पुढे ते येत राहिले, आणि त्यांना एवढी जागा कशासाठी लागते तेही कळत गेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. गावोगाव जाऊन ते म्हाताऱ्या माणसांना बोलतं करत आणि फोनवर शूटिंग करत. विषय एकच: जुनी मापं. शेर, अदली, पायली, मण, खंडी. किलो आल्यावर ती मापं गेली, पण मोजणारी माणसं अजून होती. उंद्रीची पायली केवढी, जानेफळची केवढी, खळ्यावर मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' का म्हणायचं, माप शिगोशीग भरायचं की हातानं सपाट करायचं, आणि ते कुणी ठरवायचं. एकूण चौसष्ट म्हातारे-म्हाताऱ्या त्यांनी बोलत्या केल्या होत्या. एसटीनं जायचे, दुपार होईपर्यंत ओसरीवर बसून राहायचे आणि माणूस आपण होऊन बोलायला लागला की मगच फोन काढायचे. शूटिंग ज्या मेमरी कार्डांवर असायचं ती त्यांनी आगपेट्यांमध्ये ठेवली होती. प्रत्येक आगपेटीवर गावांची नावं. अशा नऊ आगपेट्या.

हे का करता, असं मी एकदा विचारलं. काम बंद पडलं होतं, लाइट गेली होती, नाहीतर मी विचारलंही नसतं.

"माहा बाप सालदार होता सर," काका म्हणाले. "सालाची मजुरी धान्यात. मालकाच्या घरी दोन पायल्या होत्या. येक घ्याची अन् येक द्याची. द्याची पायली आतून लाकडाचं बूड लावून उथळ केलेली. दिसाले सारखी. बापाले ठाऊक होतं, गावाले ठाऊक होतं. पन मापाले मालकाच्या घरी कोन बोलंन? बाप मेला तवा म्या ठरवलं, मापाच्या खात्यातच नौकरी करीन. साहेब नाई झालो, पेटी तं धरली." मग म्हणाले, "अशी दोन पायल्यायची घरं लई होती. बोलत कोनी नाई. आता मरता मरता बोलून राह्यले लोक. तेवढं धरून ठेवाचं हाय."

मी हो-हो म्हणालो. लाइट आली आणि मी कामाला लागलो.

त्यांच्या नऊ आगपेट्या एका जागी आणायची कल्पना माझीच. "काका, कार्डं हरवतात, खराब होतात. एक टीबीची डिस्क घ्या, सगळं एकात टाकून देतो," असं मी दोन-तीन महिने त्यांच्या मागे लागलो होतो. त्याच सुमाराला एका मोठ्या शहरातला फिरता एजंट माझ्याकडे दहा डिस्कचा लॉट टाकून गेला होता. काळ्या, चकचकीत, नाव कधी न ऐकलेलं. भाव इतका उतरलेला की मी जास्त विचारलं नाही. अशी डिस्क खरी की खोटी हे पाहायची पद्धत मला माहीत होती. ती काठोकाठ भरायची आणि भरलेलं परत वाचून बघायचं. त्याला अख्खा दिवस जातो. मी तो दिवस दिला नाही.

काका पिशवीतून आगपेट्या काढून काउंटरवर ओळीनं मांडत होते तेव्हा मी डिस्क जोडली. स्क्रीनवर आकडा आला. काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि पुन्हा पाहिलं.

"सर, हे पुरे येक हजार दाखवून राह्यलं."

"हो. एक टीबी."

"पन नऊशे येकतीस पाह्यजे ना?"

दुकानात तेव्हाही माणसं होती. माझ्या बाबतीत हे असंच होतं, लोक बसलेले असले की माझी अक्कल गहाण पडते. मी मोठ्यानं म्हणालो, "काय काका! कमी दिलं तरी तक्रार आणि पुरेपूर दिलं तरी तक्रार!" लोक हसले.

काका हसले नाहीत. "सर, जलमभर हेच केलं म्या. कमी देनारा पकडाले सोपा असते. पुरेपूर दिसलं का माप उलटं करून पाहावं लागते."

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे. त्या क्षणी मला कळलं होतं. नक्की नव्हतं कळलं, पण संशय आला होता. खऱ्या डिस्कवर असा गोल आकडा येत नाही हे मला त्या माणसानंच शिकवलेलं होतं. आणि फळीवर तशाच आणखी डिस्क रांगेत उभ्या होत्या, आणि चार माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "ही नवीन टेक्नॉलॉजी आहे काका. ही कंपनी कॉम्प्युटरच्या पायलीनं भरून देते." त्यांचाच शब्द मी त्यांच्यावर फिरवला. हे खोटं मला आधी सुचलेलं नव्हतं, तिथल्या तिथं तोंडातून आलं.

काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही म्हनता तं असंन."

कॉपी व्हायला दुपार गेली. ते स्टुलावर बसून होते. फायली दोनशे बारा. त्यांनी कार्डांवरच्या मोजल्या, डिस्कवरच्या मोजल्या, आकडा जुळला. पहिल्या तीन लावून पाहिल्या, छान चालल्या. मी म्हणालो, आता कार्डं रिकामी करून देतो, घरच्यांना वापरायला होतील.

"राहू देले तं?"

"काका, विश्वास नाही का माझ्यावर?"

त्यांनी एकेक आगपेटी उघडून कार्ड माझ्या हातात दिलं. नऊच्या नऊ मी पुसली.

तीन-चार महिन्यांनी ते आले ते घाईत. जानेफळचे तुळशीरामबाबा वारले होते. चौसष्टांपैकी एक. बाबा जन्मभर सालदार राहिलेले, आणि दोन पायल्यांबद्दल ते आयुष्यात एकदाच बोलले ते काकांच्या फोनपुढे. त्यांच्या बायकोनं, कौतिकाबाईनं, निरोप पाठवला होता की बुढ्याचं तेवढं बोलणं मला ऐकवा. काकांना ते फोनमध्ये टाकून हवं होतं.

मी डिस्क जोडली. फायलीचं नाव होतं, आकार होता, तारीख होती. उघडली तर काळा पडदा. दुसरी लावली, तिसरी लावली. एक एक करत दोनशे बारा लावल्या. त्यांतल्या पहिल्या एकतीस चालल्या, बाकी सगळीकडे नुसतीच नावं. मग जो दिवस आधी द्यायला हवा होता तो मी आता दिला आणि डिस्क तपासली. आत बत्तीस जीबीपुरतीच खरी जागा होती. ती भरल्यावर पुढचं सगळं डिस्कनं घेतल्यासारखं दाखवलं होतं आणि टाकून दिलं होतं. कार्डं तोवर काकांच्या नातेवाइकांच्या फोनमध्ये गेली होती आणि लग्नांच्या फोटोंनी, गाण्यांनी भरली होती. ती मागवून घेतली, तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर चालवली. काही तुकडे निघाले. एका म्हातारीचा अर्धा चेहरा, कुणाचं तरी खोकणं. तुळशीरामबाबांचं काही निघालं नाही.

काका आले तेव्हा मी आधीच बोलायला सुरुवात केली होती. एजंटनं मलाच कसं फसवलं, आता तो फोन कसा उचलत नाही, वगैरे. त्यांनी मला बोलू दिलं.

"किती वाचले?"

"एकतीस."

त्यांनी पेन काढून वहीत लिहिलं. "म्हंजे येकशे येक्क्याऐंशी गेले."

"काका, माझ्यामुळे..."

"नाई सर. काट्यावर ज्याची छाप, जिम्मेदारी त्याची. मले दिसत होतं. हजाराचा आकडा म्या या डोयानं पाह्यला अन् तरी पास केलं. आमच्या खात्यात याले माफी नसते." ते अगदी साधेपणानं बोलत होते, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आणि मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. बाहेर कुणी विचारलं तर हा माणूस माझं नाव घेणार नाही हे माझ्या लगेच ध्यानात आलं. मी त्यांना चांगल्या कंपनीची डिस्क बदलून दिली. उरलेला लॉट एजंटच्या पत्त्यावर परत पाठवला. ज्यांना त्या डिस्क आधीच विकल्या होत्या त्यांना मात्र मी फोन केले नाहीत. आले तर बघू, म्हणालो. दोघे आले, बाकीचे आलेच नाहीत. त्यांच्या घरी त्या डिस्कमध्ये काय काय ठेवलेलं असेल याचा मी विचार करत नाही.

काकांनी वहीत नवी यादी केली. चौसष्टांपैकी हयात तेवीस. त्यांतल्या काहींचं बोलणं वाचलेल्या एकतीस फायलींमध्ये होतं, उरलेल्यांकडे पुन्हा जायचं. गुडघे दुखत होते आणि एसटीचे धक्के सोसत नव्हते, म्हणून मी म्हणालो, दर रविवारी मी मोटरसायकलवर नेतो. त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं, मग तयार झाले. मला वाटलं, चला, आपलं थोडं तरी फिटेल.

पहिल्या रविवारी उंद्रीला गेलो. ज्यांच्याकडे गेलो ते आजोबा आता कुणाला ओळखत नव्हते. त्यांचा मुलगा पाणी देताना म्हणाला, "काका, ते तुमचं आधीचं पान्यात पडलं म्हने?"

"हाव ना बा," काका म्हणाले. "वावराच्या धुऱ्यावरून येत होतो, पिशवी इहिरीत गेली."

परत येताना चिखलीच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो तेव्हा मी विचारलं, "काका, विहिरीत?"

"मंग काय सांगू त्यायले? असली डिस्क, नकली डिस्क, हजार, चोवीस. पान्यात पडलं हे समजते लोकायले."

"पण मग दोष तुमच्यावर येतो."

"माहाच हाय," म्हणाले आणि बिस्किटाचा पुडा फोडून माझ्यापुढे धरला.

मी ठरवलं की जानेफळला मी स्वतः सांगायचं. कौतिकाबाईंपुढे हात जोडायचे आणि म्हणायचं, माझ्या दुकानातल्या डिस्कनं गेलं, मला संशय होता तरी मी दिली, काकांची काही चूक नाही. आठवडाभर मी ती वाक्यं मनात घोळवली. देऊळगाव राजाहून निघून मेहकर ओलांडेपर्यंत मी ती हेल्मेटच्या आत पुटपुटत होतो. काका मागे बसलेले, दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून.

कौतिकाबाई अंगणात बाजेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. नव्वदीच्या घरातल्या, पण आवाज खणखणीत. काकांना पाहिल्याबरोबर घाट्यांची टोपली बाजूला सारली.

"आनलं का रे सुदाम माह्या बुढ्याचं?"

काका त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. मी मोटरसायकलजवळच उभा होतो.

"नाई माय. गेलं ते. माह्या हातून पान्यात पडलं."

बाईंनी टोपलीतला एक घाटा पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "सगळं?"

"हाव."

"येक बोलबी नाई राह्यला?"

"नाई माय."

"अरे पन म्या आयकलंच नाई ना ते!" त्या एकदम ओरडल्या. "तूच मले बाह्यर धाडलं होतं. नातवाची पोर रडत होती, आवाज येते म्हनाला, म्हून मी तिले घेऊन पारावर बसली. साठ-सत्तर वर्सं संसार केला, माह्यापाशी त्यानं मालकाच्या घरचं कधी तोंडातून काढलं नाई. तुह्यापुढं बोलला. अन् तू ते पान्यात टाकून आला? सांभायता येत नव्हतं तं नेलं कायले रे? काऊन नेलं?"

"चुकलं माय."

"चुकलं म्हनते!" त्यांनी हातातला घाटा त्यांच्या अंगावर फेकला. काकांनी तो मांडीवरून उचलून टोपलीत ठेवला. मान वर केली नाही.

हीच ती वेळ होती. वाक्यं तयार होती, पाठ होती. मी दोन पावलं पुढे झालो. सूनबाई दारात येऊन उभी होती, शेजारचे दोघे कुडावरून डोकावत होते. कौतिकाबाईंची नजर माझ्याकडे वळली.

"अन् हे कोन?"

मी तोंड उघडलं. पण काकाच आधी बोलले, "हे सर हायेत माय. देऊळगावले कॉम्प्युटरचं दुकान हाय यायचं. यायनंच आनलं मले गाडीवर. दर रविवारी नेतात बिचारे."

म्हातारीचा चेहरा मऊ झाला. तिनं मला जवळ बोलावलं, बाजेवर स्वतःच्या शेजारी बसवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"पाह्य सुदाम, कोन्या घरचं लेकरू, तुह्यासाठी उन्हातान्हाचं फिरते. कॉम्प्युटरवाला हाय म्हनतं ना? मंग याच्यापाशी ठेवलं असतं तं राह्यलं असतं का नाई?"

"हाव माय," काका म्हणाले. "राह्यलं असतं."

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पिशवीतून त्यांनी फोन काढला आणि म्हणाले, "माय, म्या आयकलं होतं बाबाचं. जेवढं ध्यानात हाय तेवढं सांगतो तुले. आयकतं का?"

सूनबाई चहा घेऊन आली. ट्रे तिनं काकांपुढे धरला, तशी कौतिकाबाई म्हणाल्या, "त्याले मंग दे. पह्यले या पोराले दे."

मी कप उचलला आणि चहा पिऊन टाकला.